पॅनेलवर एक बाई हवी म्हणून फोन करणाऱ्या आयोजकांना

प्रिय आयोजक मित्रहो,

गेल्या आठवड्यात तुमच्यापैकी एकाचा फोन आला. सॉफ्टवेअरची कॉन्फरन्स तीन आठवड्यांवर आली होती, स्पीकरची यादी भरली होती, पोस्टर छापायला जायचं होतं आणि यादीत एकही बाई नाही हे त्याच्या आदल्या रात्री लक्षात आलं होतं. "तू येशील का? पॅनेलवर बस. विषय काहीही चालेल."

मी नाही म्हटलं. त्या शनिवारी घरी कार्य आहे, असं कारण दिलं. कार्य खरंच आहे, पण ते नसतं तरी मी नाहीच म्हटलं असतं. फोन करणाऱ्याला मी दहा वर्षं ओळखते. माणूस चांगला आहे आणि यादी पाहून त्याला मनापासून वाईट वाटलं होतं. त्याला पूर्ण उत्तर देणं माझ्याकडून राहिलं. ते उत्तर पुण्या-मुंबईत, नाशिक-नागपुरात, गोव्यात कॉन्फरन्स भरवणाऱ्या तुम्हा सगळ्यांना लागू आहे, म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे.

मला लागलं ते 'काहीही'. चौदा वर्षं मी डेटाबेसचं काम करते. कोट्यवधी नोंदींच्या टेबलात, सिस्टीम चालू ठेवून, एखादा रकाना कसा बदलायचा यावर मी तासभर बोलू शकते. त्यातल्या चुका मी स्वतः रात्री दोनला निस्तरल्या आहेत. हा विषय तुमच्या श्रोत्यांच्या रोजच्या कामाचा आहे. तरी इतक्या वर्षांत तुमच्यापैकी कुणी मला त्यासाठी फोन केला नाही. फोन येतात ते पॅनेलसाठी, आणि पॅनेलचा विषय असतो नोकरी आणि घर यांचा तोल कसा सांभाळता.

कॉन्फरन्स या गोष्टीवर माझा राग असता तर मी एवढं लिहिलंच नसतं. मी सोलापूरची. वडील यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेब लिहायचे. घरात संगणक नव्हता. इंजिनिअरिंगला पुण्यात आले तेव्हा इथे असे मेळावे भरपूर होत. सिंबायोसिसमध्ये मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांची ग्नुनिफाय भरायची, २०११ मध्ये सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजात फेडोरा या संगणकप्रणालीवाल्यांचा मेळावा झाला, पुढे रुबी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची डेक्कन रुबीकॉन्फ आली, २०१७ मध्ये पायथन भाषेची पायकॉन पुणे झाली. तिसऱ्या वर्षाला असताना मी एका कॉलेजात दोन दिवसांच्या अशाच एका मेळाव्याला गेले. चहाच्या वेळी एका अनोळखी माणसाने पुठ्ठ्याच्या खोक्यावर मार्करने झाडासारखी आकृती काढून डेटाबेसचा इंडेक्स, म्हणजे नोंद पटकन शोधायची सूची, आतून कसा चालतो ते मला समजावलं. वीस मिनिटं लागली असतील. वर्षभराच्या लेक्चरमध्ये जे डोक्यात शिरलं नव्हतं ते त्या खोक्यावर शिरलं. आज मी जे काम करते ते तिथून सुरू झालं.

त्याच मेळाव्याची संध्याकाळही माझ्या लक्षात आहे. कार्यक्रम साडेपाचला संपला आणि स्पीकर व मुलं मिळून जेवायला निघाली. आमच्या वसतिगृहाचं दार नऊला बंद व्हायचं. जेवणाची वेळ साडेआठची. मी आणि माझी खोलीतली मैत्रीण, आम्ही दोघी पीएमटीच्या बसने परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं की आमच्या वर्गातल्या दोन मुलांना रात्री जेवताना इंटर्नशिप मिळाली. दोघंही हुशार होते आणि त्यांना ती मिळायलाच हवी होती. पण आमची नावं त्या टेबलावर निघणं शक्यच नव्हतं, कारण आम्ही त्या वेळी हजेरीवहीत सही करत होतो.

कॉन्फरन्सच्या कार्यक्रमपत्रिकेत ते जेवण नव्हतं, म्हणून मुलींना वगळलं असं तुमच्यापैकी कुणी कधी म्हणणार नाही. पण नोकऱ्या, पुढचे टॉक, एकत्र प्रोजेक्ट करायचं ठरणं हे बहुतेक रात्री साडेआठनंतर होतं हे तुम्हाला माझ्याइतकंच माहीत आहे. मग ते दुपारी दोनला का करू नये? दुपारच्या जेवणाची सुट्टी चाळीस मिनिटांची असते. ती दोन तासांची करा, एखादं सत्र कमी करा, गोल टेबलं मांडा. वसतिगृहातल्या मुलीही असतील, लहान मूल असलेले आईबापही असतील, दारू न पिणारे पुरुषही असतील. रात्रीचं जेवण ठेवायचंच असेल तर शहरात ठेवा आणि परतीची गाडी तुम्ही द्या.

गाडीबद्दल थोडं सविस्तर बोलते. तुमच्यातले बहुतेक जण सोमवार ते शुक्रवार ज्या कंपन्यांत काम करतात तिथे हे सगळं पाळलं जातं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला तिच्या संमतीशिवाय कामाला ठेवता येत नाही, आणि ठेवलं तर सुरक्षिततेची व्यवस्था आणि घराच्या दारापर्यंत वाहन द्यावं लागतं. २००७ मध्ये पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या एका तरुणीचा कंपनीने ठरवलेल्या गाडीच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने बळी घेतला. त्या घटनेनंतर 'मुलगी गाडीतून शेवटी उतरणार नाही' हे या शहरातल्या वाहतूक विभागांच्या तोंडी बसलं. तुम्हाला हे कुणी शिकवायला नको. पण शनिवारी तुम्ही आयोजक होता आणि रिसॉर्ट मुळशीच्या पुढे घेता. रात्री अकराला तिथे ॲपवर गाडी मिळत नाही. मग बाई कुणाच्या तरी गाडीत बसते. ती कुणाची गाडी असेल यावर तिचा काही ताबा नसतो.

माझ्या बाबतीत २०१६ साली ते झालं. कॉन्फरन्सचं नाव सांगत नाही. ती आता भरतही नाही. त्या वर्षी माझा पहिला मोठा टॉक होता आणि तो चांगला झाला होता. रात्री जेवणाच्या वेळी आमच्या क्षेत्रातला एक मोठा माणूस, ज्याचं लेखन वाचून मी शिकले होते, शेजारी येऊन उभा राहिला आणि टॉकची स्तुती करता करता त्याने कमरेवर हात ठेवला. मी बाजूला झाले. तो पुन्हा आला. मग घरी सोडतो म्हणू लागला, तीन वेळा म्हणाला. मी एका मैत्रिणीच्या नवऱ्याला फोन करून बोलावून घेतलं, ते बिचारे पाऊण तास गाडी चालवून आले. रात्री साडेबाराला मोबाइलवर त्या माणसाचे मेसेज सुरू झाले. माझा नंबर त्याला मिळाला कुठून? सगळ्या स्पीकरांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप केला होता, मला न विचारता.

सकाळी मी आयोजकांपैकी एकाला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, तो तसा नाहीये. जास्त झाली असेल." पुढे हेही म्हणाला की आता समारोपाचं भाषण त्याचंच आहे, तर आज काही काढू नको.

मी काही काढलं नाही. समोरच्या खुर्चीत बसून ते भाषण ऐकलं. त्यानंतर चार वर्षं मी एकाही कॉन्फरन्सला गेले नाही. तुमच्या हिशेबात त्या चार वर्षांची नोंद कुठेच नाही, कारण न आलेल्या बाईची नोंद कोण ठेवणार? तुम्हाला वाटलं असेल, लग्न झालं, मूल झालं, रस गेला. तेव्हा माझं लग्न झालं नव्हतं. कामातला रस तर एक दिवसही कमी झाला नाही.

त्या आयोजकाला मी वाईट म्हणत नाही. त्याच्याकडे काय करायचं हेच ठरलेलं नव्हतं. ऐन समारोपाच्या सकाळी, झोप नसताना, प्रायोजकांचे फोन घेत असताना, एकट्याने ठरवायची ती गोष्टच नव्हती. म्हणून ती आधी ठरवून ठेवायची असते. जगभर कॉन्फरन्सवाले हे गेली पंधरा वर्षं करत आले आहेत. २०११ मध्ये व्हॅलेरी ऑरोरा आणि मेरी गार्डिनर यांनी एडा इनिशिएटिव्ह ही संस्था काढली आणि कॉन्फरन्समधल्या वागणुकीचे लेखी नियम आयोजकांनी स्वीकारावेत यासाठी त्या पाठीस लागल्या. संस्था २०१५ मध्ये बंद झाली, नियमांचा मसुदा मात्र सगळ्यांसाठी खुला राहिला.

तो मसुदा आपल्याकडेही पोचला आहे. मी परत जायला लागले तेव्हा पहिल्याच ठिकाणी माहितीपत्रकात ते नियम छापलेले पाहिले आणि बरं वाटलं. शेवटपर्यंत वाचलं. तक्रार कुणाकडे करायची या ओळीत 'इथे आयोजकाचे नाव व दूरध्वनी लिहा' असं छापलं होतं. नमुना तसाच उतरवला होता, नाव भरायचं राहून गेलं होतं. ती ओळ मी अजून विसरलेले नाही.

सगळा जीव त्या एका ओळीत आहे. तिथे दोन माणसांची नावं हवीत, त्यातली एक तरी बाई हवी. त्यांचे फोटो प्रवेशाच्या टेबलावर आणि बायकांच्या स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. दोघांचा फोन रात्रीच्या जेवणापर्यंत चालू हवा आणि दोघांनी त्या दिवशी दुसरं कोणतंही काम घ्यायचं नाही. तक्रार आली तर प्रमुख वक्त्यालाही घरी पाठवायचा अधिकार त्यांना आहे, हे तुमच्या समितीच्या बैठकीत आधीच ठरलेलं हवं. आणि हे नियम मराठीतही लिहा. 'आचारसंहिता' म्हटलं की आपल्याला निवडणूक आठवते, तेव्हा सरळ 'वागणुकीचे नियम' म्हणा. तुमच्या श्रोत्यांत नांदेडहून, जतहून आलेल्या मुली असतात. स्वयंसेवक, सुरक्षारक्षक, गाडीचे चालक, कँटीनवाले असतात. नियम त्यांनाही लागू आहेत आणि संरक्षण त्यांनाही आहे. ते त्यांना वाचता आले पाहिजेत.

कायद्याचं म्हणाल तर २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा कार्यालयाच्या चार भिंतींपाशी थांबत नाही. नोकरीच्या निमित्ताने कर्मचारी जिथे जाते ती जागा, आणि मालकाने दिलेलं वाहनसुद्धा, 'कामाच्या ठिकाणा'त येतं. कंपनीने पाठवलेली मुलगी तुमच्या हॉलमध्ये बसली आहे तेव्हा ती कामाच्याच ठिकाणी आहे, आणि तिच्या कंपनीत दहा किंवा जास्त माणसं असतील तर तिथे अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे. कॉलेजात कार्यक्रम असेल तर यूजीसीच्या २०१५ च्या विनियमांनुसार त्या कॉलेजातही समिती असते. तिचा संपर्क मागून घ्या आणि फलकावर लावा. अडचण येते ती स्वतःच्या पैशाने आलेल्या, फ्रीलान्स करणाऱ्या, नोकरी शोधणाऱ्या बाईची. हौशी मंडळींनी मिळून भरवलेल्या मेळाव्याला मालक कोण आणि समिती कुणाची? जिल्ह्याच्या स्थानिक समितीपर्यंत ती एकटी कधी पोचणार? तिच्यासाठी तुमच्या नियमांतली ती दोन नावं हेच काय ते दार आहे.

आता "बायका मिळतच नाहीत" याकडे येते. कर्वेनगरात मुलींचं कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय १९९१ पासून आहे. तिथून दर वर्षी बाहेर पडणाऱ्या मुली याच शहरातल्या कंपन्यांत कोड लिहितात, तुमच्या शेजारच्या टेबलावर बसतात. उत्तर अमेरिकेतल्या पायकॉनचे आकडे तिथे विविधतेचं काम पाहणाऱ्या जेसिका मॅकेलर यांनी जाहीर सांगितले आहेत. २०११ मध्ये तिथे स्त्रियांनी दिलेले टॉक १ टक्का होते, २०१२ मध्ये ७, २०१३ मध्ये १५, २०१४ मध्ये ३३ आणि २०१६ मध्ये ४०. पाच वर्षांत जगातल्या पायथन लिहिणाऱ्या बायका चाळीसपट झाल्या नव्हत्या. आयोजकांनी एकेका बाईला नावाने गाठून प्रस्ताव पाठवायला सांगितलं. बर्लिनच्या जेएसकॉन्फ ईयू या जावास्क्रिप्ट भाषेच्या कॉन्फरन्सने २०१२ मध्ये बायकांना आवर्जून प्रस्ताव पाठवायला लावले आणि निवड करताना सगळ्यांचीच नावं झाकली. त्या वर्षी पाव स्पीकर स्त्रिया होत्या.

यात कुणाची पात्रता खाली आणावी लागली नाही. काम लागलं, आणि ते काम पोस्टर छापायच्या तीन आठवडे आधी होत नाही, सहा महिने आधी सुरू करावं लागतं. फोन करा तेव्हा विषय घेऊन करा. "तू त्या पेमेंटच्या सिस्टीमचं जे केलंस त्यावर बोल" असं म्हणा. आपल्याकडच्या पुष्कळ मुली 'अजून माझी तयारी नाही' म्हणतात. मीही म्हणायचे. तिथे थांबू नका, दुसऱ्यांदा विचारा, प्रस्ताव लिहायला एखादी जुनी स्पीकर सोबत द्या, आधी एखाद्या छोट्या मीटअपमध्ये बोलून बघू दे.

हॉलमधल्या गोष्टी त्या मानाने सोप्या आहेत, पण त्या कधी कुणी विचारल्याच नाहीत म्हणून सांगते. रविवारी कॉलेजात बायकांचं स्वच्छतागृह कुलूपबंद असतं आणि किल्ली ज्या मामांकडे असते ते सुट्टीवर असतात. मी हे तीन ठिकाणी अनुभवलं आहे. आदल्या दिवशी स्वतः जाऊन बघा. पाणी, कडी, कचऱ्याचा डबा, पर्स अडकवायला खुंटी, आणि एका खोक्यात सॅनिटरी पॅड. कॉलरला लावायच्या माइकची डबी कमरेच्या पट्ट्याला अडकवायची असते. साडीला, कुर्त्याला पट्टा नसतो. पहिल्या वेळी मी ती डबी टॉकभर डाव्या हातात धरून उभी होते आणि स्लाइड उजव्या हाताने बदलत होते. हातातला माइक ठेवा, झालं. गळ्यात लटकवायचं ओळखपत्र छातीच्या खाली येतं, म्हणून नाव वाचायला लोक तिथे बघतात आणि दोघांनाही अवघडतं. दोरी आखूड करा आणि अक्षर मोठं. टी-शर्ट मागवताना बायकांच्या मापाचे वेगळे मागवा. आणि एसी. इमारतींमधल्या तापमानाचं मानक चाळीस वर्षांच्या, सत्तर किलोच्या पुरुषाच्या शरीरावरून ठरलेलं आहे असं दोन डच संशोधकांनी २०१५ मध्ये नेचर क्लायमेट चेंज या नियतकालिकात दाखवलं. सभागृहाच्या मागच्या रांगांत ओढण्या पांघरून बसलेल्या मुली तुम्ही पाहिल्या असतीलच.

लहान मुलांचं मात्र सोपं नाही, आणि तरी ते करायला हवं. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय हवी असं २०१७ मध्ये मातृत्व लाभाच्या कायद्यात घातलं गेलं. तुमच्या मेळाव्याला तीन-चारशे माणसं येतात. एक स्वच्छ वर्ग, सतरंज्या, खेळणी, मुलांना सांभाळायची सवय असलेल्या दोन बालवाडीताई आणि शेजारी दूध पाजायला एक आतून कडी लागणारी खोली. नोंदणीच्या अर्जातच विचारा किती मुलं येणार. पिशव्या आणि बाटल्या वाटायला प्रायोजक मिळतो, तर याला का मिळणार नाही? माझी मुलगी आता तीन वर्षांची आहे. या वर्षी मी दोन कॉन्फरन्स सोडल्या त्या फक्त शनिवार-रविवारी तिला कुठे ठेवायचं म्हणून. नवऱ्याचंही हेच क्षेत्र आहे, त्यालाही जायचं असतं. गेल्या वेळी तो गेला.

आणखी एक, आणि हे सांगताना थोडा संकोच वाटतो, कारण ते आपल्या रीतीचं आहे. उद्घाटनाला समईपाशी तबक घेऊन उभ्या असतात त्या मुली, गुच्छ आणून देतात त्या मुली, सूत्रसंचालन करते ती मुलगी, नोंदणीच्या टेबलावर मुली. या सगळ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनी असतात. त्या दोन दिवसांत त्यांच्यातल्या किती जणींना एक तरी पूर्ण टॉक ऐकायला मिळतो ते मोजून पाहा. मुलांनाही तबक धरायला द्या आणि पाळ्या लावा. स्पीकरची ओळख करून देताना पुरुषाच्या कामाची यादी वाचता, तशीच बाईच्याही कामाची वाचा. 'घर सांभाळून हे सगळं करतात' हे वाक्य माझ्यासाठी दोनदा वाचलं गेलं आहे, आणि दोन्ही वेळा मी काय काम करते ते वाचायचं राहून गेलं.

आता त्या फोनचं. या वेळच्या पॅनेलवर मी बसणार नाही. पुढच्या वर्षीच्या तयारीला लागाल तेव्हा समितीत दोन बायका घ्या, नंतर सल्ला विचारायला नको, पहिल्या बैठकीपासूनच. त्यातली एक मी व्हायला तयार आहे. जागा बघायला पहिल्यांदा जाल त्या दिवशी मला सोबत न्या. रविवारी जाऊ, म्हणजे काय काय बंद असतं ते कळेल. मुलगी माझ्याबरोबर असेल.

आणि टॉकचा प्रस्ताव आजच देऊन ठेवते. विषय, चालू सिस्टीम न थांबवता मोठं टेबल कसं बदलायचं. पंचेचाळीस मिनिटं लागतील, प्रश्नांना पंधरा वेगळी. माइक हातातला द्या.

आपली,
डेटाबेसवर काम करणारी एक अभियंता, पुणे